कात्री लावण्याआधी फांदीचे वय पाहा

पावसाने काढता पाय घेतला, की शहरातल्या बागांमधून कात्र्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. सोसायटीचा माळी येतो, लांब पात्यांची मोठी कात्री काढतो आणि तासाभरात जास्वंद, तगर, अनंत, रुक्मिणी, कुंद अशी सगळी झुडपे एकाच उंचीवर आणून ठेवतो. डोक्यावर वाडगे पालथे घालून केस कापावेत, तशी. त्या दिवशी बाग मोठी नीटनेटकी दिसते. पुढे वर्षभर मात्र एकच तक्रार कानी येते. खत घातले, पाणी घातले, ऊनही भरपूर आहे. तरी फुले का येत नाहीत? दोष खताला दिला जातो, मातीला दिला जातो, क्वचित रोप विकणाऱ्या नर्सरीवाल्याला दिला जातो. कात्रीचा संशय कोणालाच येत नाही.

मलाही तो पुष्कळ उशिरा आला आणि त्याला कारण ठरले अंजूरमधले एक अंगण. भिवंडी तालुक्यातले हे गाव इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते ते गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. चिमाजीअप्पांच्या १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत या नाईक घराण्याचा मोठा वाटा होता. नाईकांच्या वाड्यातल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आजही दुरून माणसे येतात. अंजूरफाट्याच्या बाजूने गावाकडे निघालो तर आता वाटेत गोदामांच्या पत्र्याच्या भिंतीच अधिक दिसतात. पण आत गावात जुन्या घरांना अंगणे शिल्लक आहेत आणि अंगणांत झुडपे आहेत. आमच्या आत्याच्या दारात असाच एक अनंत होता. चांगला पुरुषभर उंच, वयाने माझ्याहून थोरला. वैशाख सरता सरता तो पांढराशुभ्र फुलायचा आणि पहिल्या पावसाच्या सरींबरोबर त्याचा वास ओसरीपर्यंत यायचा.

एका जानेवारीत मी उत्साहाच्या भरात तो छाटला. हाताशी बागकामाचे एक सुरेख इंग्रजी पुस्तक होते. थंडी संपता संपता, नवी पालवी फुटण्यापूर्वी छाटणी करावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मी झाडाला छान गोल आकार दिला. त्या वर्षी अनंताला एक फूल आले नाही. आत्या काही बोलली नाही. पुढच्या जानेवारीत मी पुन्हा कात्री घेऊन उभा राहिलो, तेव्हा मात्र तिने हात धरला. ‘‘अरे, कळ्या पोटात असताना कोणी झाड कापतं का?’’ तिच्या या एका वाक्यात जे होते, ते मी पुस्तकातून नीट वाचलेच नव्हते. पुस्तक चुकीचे नव्हते. मी त्यातला गुलाबाचा नियम अनंताला लावला होता.

सगळा प्रश्न येथे येऊन थांबतो. फूल कोणत्या फांदीवर येते? काही झुडपे नव्या, कोवळ्या फुटीवर फुलतात. कात्री लागली, की डोळ्यांतून नवे धुमारे फुटतात, ते थोडे वाढतात आणि त्यांच्याच टोकाला किंवा पानांच्या बगलेत कळी धरते. मोगरा, गुलाब, जास्वंद, बोगनवेल, पारिजातक, मधुमालती ही या गटातली. दुसऱ्या गटातल्या झुडपांची रीत वेगळी. त्यांच्या फांद्या एका हंगामात वाढतात, पक्व होतात आणि पुढच्या हंगामात फुलतात. अनंत आणि कुंद ही आपल्या ओळखीतली ठळक उदाहरणे. इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांत लायलॅक आणि हायड्रेंजियाच्या पुष्कळशा जाती अशाच वागतात. पहिल्या गटातले झाड फुलण्याच्या हंगामापूर्वी छाटायचे, दुसऱ्या गटातले फुलून गेल्याबरोबर. उलट केले तर पहिल्या गटात नुकसान थोडे होते, दुसऱ्या गटात मात्र वर्ष बुडते.

मोगरा आणि कुंद शेजारी शेजारी लावून पाहावेत. दोघे एकाच कुळातले, किंबहुना एकाच प्रजातीतले सख्खे भाऊ. दोघांचीही फुले पांढरी. संक्रांतीच्या सुमारास दोघांना सारखीच कात्री लावली, तर मोगरा चैत्र-वैशाखात अंगण भरून टाकील आणि कुंदाचा मात्र त्या वर्षीचा बहर कचऱ्याच्या टोपलीत गेलेला असेल. कारण कुंद फुलतो तो थंडीत, पावसाळ्यात वाढून तयार झालेल्या फांद्यांवर. त्याची छाटणी फुले संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करायची. म्हणजे पुन्हा पावसाळाभर वाढायला त्याला मोकळा अवधी मिळतो.

कापल्यावर फांद्या वाढतात कशा, हेही समजून घेण्यासारखे आहे. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खाली उतरत जाते. ते उतरत असेपर्यंत खालचे डोळे झोपलेले राहतात. केनेथ थिमान आणि फोके स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९३३-३४ साली कडधान्यवर्गातल्या एका रोपावर प्रयोग करून दाखवले, की शेंडा खुडल्यावर जागे होणारे बगलेतले डोळे, त्या खुडलेल्या जागी ऑक्सिन लावले तर पुन्हा दबलेलेच राहतात. पुढे २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन हा गटही संप्रेरकाचे काम करतो, हे लक्षात आले; तोही फुटवे रोखून धरतो. शेंडा गेल्यावर मोकळी झालेली साखर डोळ्यांकडे वळते आणि त्यांना जाग आणण्यात तिचाही वाटा असतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. आपल्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे, की कात्री झाडाला बळ देत नाही. आहे ते बळ कोणत्या डोळ्याकडे वळवायचे, एवढेच ती ठरवते. म्हणून अशक्त, वाळत चाललेले झुडूप कठोर छाटून ‘टवटवीत’ होईल, ही अपेक्षा फोल आहे.

मोठ्या कात्रीने वरवरची भादरणी केली की काय होते, तेही यातूनच कळते. शेकडो शेंडे एकाच पातळीवर कापले जातात आणि त्यांच्या लगतचे डोळे फुटून वरच्या बाजूला पानांचे दाट छप्पर तयार होते. आत ऊन पोहोचत नाही, आतल्या फांद्या उघड्याबोडक्या होतात, हवा खेळत नाही. कोकणच्या दमट हवेत बुरशीला आणि पिठ्या ढेकणाला यापेक्षा उत्तम निवारा नाही. कुंपणाची मेंदी किंवा ड्युरांटा अशी भादरायला हरकत नाही. तेथे आपल्याला भिंत हवी असते, फूल नव्हे. फुलझाडाला मात्र फांदीगणिक निर्णय घ्यावा लागतो. काही फांद्या आखूड करायच्या, काही थेट बुडापासून काढायच्या. दुसऱ्या प्रकाराला विरळणी म्हणतात. शहरातल्या बागांत तीच सर्वांत कमी केली जाते आणि तिचीच सर्वांत जास्त गरज असते.

आता हंगामाचा प्रश्न. थंड देशांत झाड हिवाळ्यात झोपते, म्हणून तेथील पुस्तकांची सगळी गणिते बर्फ वितळण्यावर बेतलेली असतात. आपल्याकडे वर्षाची विभागणी पाऊस करतो. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. जुलैच्या झडीत जाड फांदी कापली, तर जखम दिवसेंदिवस ओली राहते, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बुरशीची बीजे तिच्यावर येऊन बसतात आणि फांदी टोकापासून काळी पडत खाली वाळत येते. उलट टोकाला एप्रिल-मे. तेव्हा पानांचे छत्र एकदम काढून टाकले, तर आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते. राहता राहिले दोन सोयीचे काळ. पाऊस थांबून ऊन स्थिरावल्यावरचा, म्हणजे साधारण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा. आणि थंडी उतरताना, संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. मोठी छाटणी या दोहोंपैकी एका काळात बसवावी. वाळलेली, रोगट किंवा मोडलेली फांदी मात्र दिसेल त्या दिवशी काढावी. तिला मुहूर्त नाही.

पहिला काळ गुलाबाचा. महाराष्ट्रातले गुलाबप्रेमी ऑक्टोबरची छाटणी म्हणतात ती हीच. छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फुले येतात. तेव्हा नाताळच्या आसपास फुले हवी असतील, तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा गाठावा. जुन्या, काळपट, खडबडीत फांद्या बुडाशी काढाव्यात, तीन ते पाच सशक्त फांद्या ठेवाव्यात आणि त्या निम्म्यावर आणाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, डोळ्यापासून उलट दिशेला उतरणारा असावा. त्यामुळे पाणी डोळ्यावर साचत नाही आणि नवी फांदी बाहेरच्या बाजूला वाढून झुडपाचा मध्य मोकळा राहतो. डोळा भरलेल्या गुलाबाला सांध्याच्या खालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे रानटी गुलाबाचे असतात. ते जोमाने वाढतात आणि हौशी माणूस आनंदून जातो. वर्षभरात मूळ गुलाब मरून रानटीच उरतो. पाच पानांचा तो चांगला आणि सात पानांचा तो जंगली, ही सर्वत्र सांगितली जाणारी खूण भरवशाची नाही. पुष्कळ चांगल्या जातींना सात पाने असतात. फुटवा सांध्याच्या वरून आला आहे की खालून, एवढेच माती बाजूला करून पाहावे.

बोगनवेलीलाही हाच काळ मानवतो. पावसाळ्यात तिने फेकलेले लांबच लांब, हिरवेगार, पाणीदार फोक मागे आणावेत आणि पाणी कमी करावे. जमीन कोरडी पडू लागली, की ती रंगावर येते. काटे फार वाईट. जाड हातमोज्यांखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा काळ मोगऱ्याचा, जाईचा, पारिजातकाचा. मोगऱ्याच्या बाबतीत छाटणीपेक्षा आधीची विश्रांती महत्त्वाची. जमिनीतल्या झाडाचे पाणी नोव्हेंबरच्या मध्यापासून तोडत आणावे. पाने पिवळी पडून गळू लागली, तरी मन घट्ट करावे. कुंडीतल्या झाडाला इतका कडक उपास सोसत नाही. त्याला आठवड्यातून घोटभर पाणी द्यावे. जानेवारीत झाड गुडघ्याच्या खाली, साधारण दीड फुटावर आणावे, उरलेली पाने खुडून टाकावीत, बुडाभोवतीची माती हलकेच उकरून दोन-चार दिवस ऊन खाऊ द्यावी, मग शेणखत घालून पाणी सुरू करावे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागात शेतकरी मोगरा लावतात आणि त्यांची फुले दादरच्या बाजारात येतात. तेथे हा उपास आणि ही छाटणी म्हणजे हौस नव्हे. उन्हाळ्यातली कमाई तिच्यावर अवलंबून असते. शहरातला माणूस मात्र हिरव्यागार मोगऱ्याला कात्री लावायला कचरतो आणि वर्षानुवर्षे नुसती पाने सांभाळत बसतो.

पारिजातक श्रावणाच्या पुढे फुलतो, तेव्हा त्याला माघात छाटले तरी नव्या फुटीला भरपूर अवधी मिळतो. मधुमालतीचे वेटोळेही याच सुमारास सोडवावे. ती छाटणीला मुळीच डरत नाही. रातराणीला एकच मोठी छाटणी देण्याऐवजी प्रत्येक बहरानंतर फुललेल्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कमी केल्या, तर ती वर्षातून अनेकदा वास देते. रुक्मिणी, म्हणजे नर्सरीवाल्यांचा एक्झोरा, हळू वाढणारी. तिची फुले टोकाला येतात आणि कापलेले टोक पुन्हा फुलावर यायला बराच वेळ घेते. वाळलेला गुच्छ खालच्या दोन पानांसह काढावा, एवढेच पुरे. बाराही महिने तिला भादरणाऱ्यांच्या कुंपणात ती का फुलत नाही, ते यावरून ध्यानात येईल.

जास्वंदीचे थोडे वेगळे सांगायला हवे, कारण तिच्या फुलांची तारीख आपण ठरवतो. गणपतीला लाल जास्वंद हवी, आणि अंजूरसारख्या सिद्धिविनायकाच्या गावात तर ती हवीच. जास्वंद नव्या फुटीवर बारा महिने फुलते. परंतु छाटल्यापासून पुन्हा भरात यायला तिला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे श्रावणात मोठी छाटणी करणाऱ्याने भाद्रपदात फुले बाजारातून आणायची तयारी ठेवावी. गणेशचतुर्थीसाठी हवी असलेली छाटणी मेच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी आटोपावी आणि ती हलकीच असावी. उन्हाचे दिवस असल्याने आतल्या फांद्या उघड्या पडता कामा नयेत. माघी गणेशजयंतीसाठी ऑक्टोबरची छाटणी वेळेवर ठरते. एकाच दिवशी सगळे झुडूप न छाटता एक तृतीयांश फांद्या आज, एक तृतीयांश महिन्याने, उरलेल्या त्यापुढच्या महिन्यात, असे केले तर देवघरातली वाटी कधी रिकामी राहत नाही. आमच्याकडे आता असेच चालते. शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. तेवढे शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. कापून झाडाखाली ठेवले, तर मुंग्या त्यांना पुन्हा वर नेतात.

राहता राहिला अनंत. त्याची फुले मृगाच्या पावसाच्या आगेमागे संपतात आणि छाटणीची वेळ येते ती नेमकी भर पावसात. येथे मघाचा नियम आणि हा नियम एकमेकांना छेद देतात. तोडगा असा, की अनंताला त्या वेळी जाड फांदीला हात लावायचा नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, फुलून गेलेली टोके, एवढेच उघडीप मिळेल त्या दिवशी काढायचे आणि श्रावण उजाडण्यापूर्वी काम थांबवायचे. त्यानंतर फुटलेली वाढ पुढच्या वर्षीची फुले वाहणार असते. झुडूप फारच माजले असेल, तर दरवर्षी बुडाशी एक जुनी फांदी काढत तीन वर्षांत ते नवे करावे. हे काम ऑक्टोबरात करावे आणि त्या एका फांदीवरच्या फुलांवर पाणी सोडावे. आत्याचा अनंत असाच सावरला. तिसऱ्या वर्षी पुन्हा ओसरीवर वास आला.

हत्याराविषयी थोडेसे. गावाकडे कोयत्याने सपासप काम उरकतात. फांदी तुटते, पण साल सोलून निघते आणि चिरफाळलेल्या जखमेत पाणी शिरते. बोटाएवढ्या जाडीपर्यंत दोन वक्र पाती एकमेकांना घासून जाणारे सिकेटर वापरावे, त्यापुढे करवत. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसावीत. फांदी खोडाला जेथे मिळते तेथे सालीचा किंचित फुगीर कडा असतो. तो कापू नये आणि त्याच्यापुढे खुंटही लांब ठेवू नये. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की झाड बाधित भागाभोवती कोट उभारून त्याला वेगळे पाडते आणि वरून नवे लाकूड चढवते. तो कोट उभारण्याची सोय त्या फुगीर कड्यात असते. डांबर, तैलरंग वगैरे जखमेवर फासण्याचा उपयोग नाही. उलट ओल आत कोंडते. आपल्या दमट हवेत जाड कापावर बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आहे. घरगुती प्रमाण सांगायचे तर शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या दोन भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करावे आणि सारे मिळून एक लिटर पाणी होईल असे पाहावे. धातूचे भांडे वापरू नये. बारीक काड्यांना यातले काहीच लागत नाही.

कात्री उचलण्यापूर्वी झुडपाच्या आत एकदा डोकावून पाहावे. बुलबुल आणि शिंपी यांना जास्वंद-तगरीचे झुडूप फार आवडते. घरट्यात अंडी किंवा पिले असली, तर छाटणी महिनाभर पुढे ढकलल्याने काही बिघडत नाही.

छाटलेले वाया घालवायचे कारण नाही. जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांच्या पेन्सिलीएवढ्या पक्व काड्या वीतभर तोडून, खालची पाने काढून, ओलसर रेती-मातीत तिरक्या खोचल्या तर त्यांतल्या बऱ्याच जगतात. उरलेला पाला बारीक करून खताच्या खड्ड्यात घालावा. अपवाद कण्हेरीचा. तिचा पाला, फुले, काड्या, सारेच विषारी आहे. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, पाला गुरा-शेळ्यांच्या वाटेत टाकू नये आणि शेकोटीत तर मुळीच घालू नये. तिचा धूरही बाधतो. लहान मुले खेळतात त्या अंगणात कण्हेरीच्या काड्या मोजून उचलाव्यात आणि हात साबणाने धुवावेत.